दहावीची भूमिती आणि संगणकाचा पडदा



दहावीला गणित भाग २, म्हणजे भूमिती, हा ४० गुणांचा लेखी पेपर असतो. आपल्या वसतिगृहातल्या आणि आसपासच्या आश्रमशाळांतल्या मुलांची गाडी ज्या विषयांपाशी अडते, त्यांत हा एक आहे. दहावी अडली की पुढचे आयटीआय अडते, अकरावी अडते, आणि दिवाळीनंतर मूल आईबापांच्या मागोमाग वीटभट्टीवर किंवा शहरातल्या बांधकामावर निघून जाते. म्हणून या अंकातला अभ्यासाचा लेख भूमितीवर लिहीत आहे. संगणकावरची साधने आणि आभासी जग यांचा उपयोग करून भूमिती कशी शिकवता येते, त्यात काय साधते आणि कुठे फसगत होते, हे संध्याकाळच्या वर्गात जसे अनुभवाला आले तसे मांडतो. शिक्षक, स्वयंसेवक आणि मुलांचा अभ्यास घेणारे ताई-दादा यांनी हे धडे जरूर करून पाहावेत.

मुले अडतात कुठे?

आपल्या मुलांना आकार कळत नाहीत, असे कोणी म्हणू नये. वारली चित्रांत माणसाचे अंग दोन त्रिकोणांनी होते, टोकाला टोक लावून. लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिला जातो, तो चौरसच. सूर्य-चंद्राचे वर्तुळ हात न थांबवता काढणाऱ्या बायका प्रत्येक पाड्यावर आहेत. मूल अडते ते पुस्तकातल्या भाषेपाशी. ‘अंतर्लिखित’, ‘संगत कोन’, ‘छेदिका’ हे शब्द घरात नाहीत, बाजारात नाहीत. घरची बोली वारली, कातकरी किंवा कोकणा. शाळेची मराठी हीच दुसरी भाषा, आणि त्यात भूमितीची मराठी ही तिसरी. मग मूल पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे सारे पाठ करते. आकृतीतली अक्षरे बदलली की पाठ केलेले कोसळते.

हॉलंडमधले पिएर व्हान हीले आणि डीना व्हान हीले-गेल्डोफ हे शिक्षक जोडपे. १९५७ साली दोघांनी युट्रेक्ट विद्यापीठात भूमिती शिकण्याविषयी प्रबंध सादर केले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे: भूमितीची समज पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. पहिल्या पायरीवर मूल आकार नुसता दिसण्यावरून ओळखते. दुसऱ्या पायरीवर त्याचे गुणधर्म सांगते. तिसऱ्या पायरीवर एका गुणधर्मातून दुसरा कसा निघतो हे त्याला कळते. त्यानंतर कुठे ते सिद्धता समजून लिहू शकते. मधली पायरी गाळता येत नाही. शिक्षक चौथ्या पायरीवरून बोलत असेल आणि मूल पहिल्या पायरीवर उभे असेल, तर दोघेही मराठीच बोलत असले तरी एकमेकांना समजत नाहीत.

संगणकाचा खरा उपयोग इथे आहे. दुसरी आणि तिसरी पायरी चढायला मुलाने शेकडो आकृत्या पाहायला हव्यात, हलवायला हव्यात, मोजायला हव्यात. फळ्यावर एका तासात तीन आकृत्या होतात. पडद्यावर बोटाने बिंदू ओढला की एका मिनिटात शंभर होतात.

साधने कोणती?

पहिले साधन जिओजेब्रा. ऑस्ट्रियातले मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना २००१ मध्ये त्यावर काम सुरू केले. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना ते फुकट वापरता येते. संगणकावर किंवा मोबाइलवर एकदा उतरवून घेतले की पुढे इंटरनेट नसले तरी चालते. आपल्याकडे रेंज टेकडीवर चढल्यावर मिळते, त्यामुळे ही गोष्ट फार महत्त्वाची.

दुसरे साधन म्हणजे ठोकळ्यांचे आभासी जग. माइनक्राफ्ट हा खेळ अनेकांनी ऐकला असेल. त्याची शाळांसाठीची आवृत्ती २०१६ पासून मिळते, पण तिला परवाना आणि खाते लागते. तशाच धर्तीचे लुआंटी (२०२४ पर्यंत त्याचे नाव माइनटेस्ट होते) हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याला पैसे पडत नाहीत, जुन्या संगणकावरही ते बऱ्यापैकी चालते, आणि चार संगणक आपसात जोडले की इंटरनेटशिवाय चार मुले एकाच जगात वावरू शकतात. या जगात सगळे घनाकृती ठोकळ्यांचे बनलेले असते. एका ठोकळ्याची बाजू एक मीटर धरायची. आपण कुठे उभे आहोत हे पडद्यावर तीन आकड्यांत दिसू शकते. हेच निर्देशक.

तिसरे साधन म्हणजे बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड आणि दीक्षा अॅप. त्यांतले व्हिडिओ रेंज असेल तिथे आधी उतरवून आणावेत.

एक सूचना आत्ताच देतो. आभासी जगात मुलांना अनोळखी लोकांबरोबर सोडू नये. आपले जग आपल्याच संगणकांपुरते बंद ठेवावे. त्यात इंटरनेटचा खर्च वाचतो आणि मुले सुरक्षितही राहतात.

धडा पहिला: अर्धवर्तुळातला कोन

जिओजेब्रात म केंद्र घेऊन एक वर्तुळ काढा. अब हा व्यास काढा. वर्तुळावर कुठेही क हा बिंदू घ्या, तो अ आणि ब यांना जोडा, आणि कोन अकब मोजायला सांगा. पडद्यावर ९०° दिसेल. आता मुलाला बोटाने क हा बिंदू वर्तुळावरून फिरवू द्या. त्रिकोण उभा होतो, आडवा होतो, अगदी चपटा होतो. आकडा ९० च राहतो.

यानंतर लगेच नियम सांगू नका. विचारा, ‘क वर्तुळाच्या आत नेला तर?’ कोन मोठा होतो, विशालकोन. ‘बाहेर नेला तर?’ लहान होतो, लघुकोन. म्हणजे काटकोनाच्या बाबतीत वर्तुळाची कड ही सीमारेषा आहे, हे मुलाने स्वतः पाहिले. ‘अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो’ हे वाक्य आता वाचायला द्या. शब्द तेच आहेत, पण मुलाजवळ आता त्या शब्दांत ठेवायला काहीतरी आहे.

इथवर छान झाले. पहिल्या वर्षी मी एवढ्यावरच खूश होतो. तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, नव्वद दिसतंय ना? सगळीकडे नव्वदच येतंय. मग सिद्ध कशाला करायचं?”

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. ‘परीक्षेत विचारतात म्हणून’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. ती गप्प बसली, पण तिचे समाधान झाले नाही हे मला दिसले. माझेही झाले नव्हते.

धडा दुसरा: पडदा खोटे बोलतो तेव्हा

पुढच्या आठवड्यात मी उत्तर घेऊन गेलो. वर्तुळाची त्रिज्या ५ घेतली, केंद्र आरंभबिंदूवर. व्यास आडवा, (−५, ०) पासून (५, ०) पर्यंत. मग क हा बिंदू बोटाने न ठेवता आकडे टाकून ठेवला: (०, ५.०००१). म्हणजे वर्तुळाच्या किंचित बाहेर, एका एककाच्या दहा हजाराव्या भागाइतका. मुलीला विचारले, “कोन किती?”

“नव्वद.”

“बिंदू वर्तुळावर आहे?”

“आहे की.”

मग मी मांडणीत जाऊन दशांशस्थळे दोनाची पाच केली. पडद्यावर आले ८९.९९८८५°. चित्र मोठे करत करत नेले, तेव्हा बिंदू आणि वर्तुळाची रेघ वेगवेगळी दिसली. आधीचा ‘नव्वद’ हा संगणकाने दोन दशांशांपर्यंत पूर्ण केलेला आकडा होता.

वर्गात कुजबुज सुरू झाली. जे नव्वद आम्ही आधी पाहिले, तेही असेच असेल तर? हा प्रश्न मुलांनी विचारला आणि सिद्धतेची गरज मुलांकडूनच आली. त्यानंतर फळ्यावर गेलो. मक जोडला. मअ, मब, मक या तिन्ही त्रिज्या, म्हणून समान. त्यामुळे त्रिकोण मअक आणि त्रिकोण मबक हे दोन्ही समद्विभुज. पहिल्यातले पायाचे कोन प्रत्येकी क्ष, दुसऱ्यातले प्रत्येकी य. मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज क्ष + य + (क्ष + य), म्हणजे दोन वेळा (क्ष + य), आणि ती १८०. म्हणून क्ष + य = ९०. आणि क पाशी असलेला कोन तोच.

यात कुठेही मोजणे नाही. दशांशस्थळे नाहीत. क कुठे आहे हेही विचारलेले नाही. वर्तुळावर आहे एवढे पुरे. पडद्यावर शंभर जागा तपासता येतात, हजार तपासता येतात, पण वर्तुळावरच्या जागांना अंत नाही. त्या सगळ्यांबद्दल एकदम बोलण्याचे सामर्थ्य फक्त सिद्धतेत आहे. ती मुलगी म्हणाली, “म्हणजे पडदा दाखवतो, आणि हे सांगतं की असंच का.” मी आठवडाभर जुळवत होतो ते वाक्य तिने एका दमात सांगितले.

धडा तिसरा: ठोकळ्यांची वाट

आता आभासी जगात जाऊ. सपाट जमिनीवर दोन खांब उभे करा. एकाचे निर्देशक (२, ३), दुसऱ्याचे (१४, ८). उंचीचा तिसरा आकडा दोन्हीकडे सारखा असल्याने तो सोडून द्या. मुलांना सांगा, पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत ठोकळ्यांची वाट बांधा. प्रत्येक ठोकळा पुढच्याला पूर्ण बाजूने चिकटलेला हवा. १२ ठोकळे एका दिशेने, मग वळून ५ ठोकळे. चाल एकूण १७.

कोणीतरी हुशार मूल म्हणेलच, तिरके गेले तर कमी पडेल. जाऊ द्या. ते पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी वाट बांधील. मोजायला सांगा. पुन्हा १७. आणखी बारीक पायऱ्या केल्या, तरी १७. आमच्या वर्गात दोन मुले यावरून हमरीतुमरीवर आली, कारण वाट दिसायला तर सरळ दिसत होती.

आता वही काढा. आडवा फरक १२, उभा फरक ५. १४४ आणि २५ मिळून १६९. त्याचे वर्गमूळ १३. खरे अंतर १३ मीटर. पायऱ्या कितीही बारीक केल्या तरी त्यांची लांबी १७ च राहते, १३ होत नाही, कारण प्रत्येक पाऊल एकतर आडवे आहे नाहीतर उभे. दिसायला सरळ आणि खरोखर सरळ यांत चार मीटरचा फरक आहे. अंतराचे सूत्र आणि पायथागोरसचे प्रमेय दोन्ही एका खेळात शिकून झाले.

याच जगात ठोकळ्यांचे ‘वर्तुळ’ बांधून पाहा, व्यास १० ठोकळे. त्याच्या कडेकडेने परिमिती मोजली तर ४० येते, म्हणजे बाहेरच्या चौरसाइतकीच. खऱ्या वर्तुळाचा परीघ मात्र सुमारे ३१.४ असतो. ठोकळ्यांच्या जगात खरे वर्तुळ नसतेच. साधनाची मर्यादा हाच इथे धडा आहे, ती मुलांपासून लपवू नका.

धडा चौथा: कणगीत किती मावते?

महत्त्वमापन हे प्रकरण ठोकळ्यांनी फार सोपे होते. ६ लांब, ४ रुंद, ३ उंच अशी भरीव इष्टिकाचिती बांधा. ठोकळे लागतात ७२. हे घनफळ. तळ धरून सहाही बाजूंचे चौरस मोजले तर १०८. हे पृष्ठफळ. आता सर्व मापे दुप्पट करा: १२, ८, ६. बांधण्यापूर्वी अंदाज सांगायला लावा. बहुतेक मुले घनफळ दुप्पट होईल म्हणतात. प्रत्यक्षात ठोकळे ५७६ लागतात, म्हणजे आठपट. पृष्ठफळ ४३२, म्हणजे चौपट.

मग घरातल्या कणगीकडे या. भात साठवायची कणगी रुंदीला आणि उंचीला दुप्पट केली, तर बाहेरून शेणामातीचे लिंपण चौपट लागेल, पण भात आठपट मावेल. हा हिशेब मुलांच्या आजीला अनुभवाने ठाऊक असतो. मुलाने घरी जाऊन तिला तो आकड्यांत समजावून सांगितला की भूमिती घरात आली.

पडद्यावरून परत जमिनीवर

प्रत्येक धड्याचा शेवट अंगणात व्हावा असा आमचा नियम आहे. समरूप त्रिकोण पडद्यावर शिकलो की दुसऱ्या दिवशी सकाळी एक मीटरची काठी उभी रोवतो आणि सावली मोजतो. समजा ती ८० सेंटिमीटर आली. त्याच वेळी झाडाची सावली ९.६ मीटर असेल, तर झाडाची उंची १२ मीटर. सूर्यकिरण समांतर आहेत असे धरता येते, म्हणून दोन्ही त्रिकोणांचे कोन सारखे आणि बाजू प्रमाणात. झाडावर चढायची गरज नाही.

पायथागोरसच्या धड्यानंतर दोरीला समान अंतरावर गाठी मारून ३, ४ आणि ५ भागांचा त्रिकोण ताणून धरला, तेव्हा मागून एक मुलगा बोलला, “सर, हे तर माझे बाबा करतात. पाया आखताना.” त्याचे वडील शहरात गवंडीकाम करतात. गुण्या छोटा पडतो तेव्हा मोठ्या खोलीचा कोपरा ते दोरीनेच काटकोनात घेतात, ३-४-५ ने. मी त्याला म्हटले, “बाबांना विचार, काटकोन येतो हे त्यांना कसं माहीत?” सुट्टीनंतर तो उत्तर घेऊन आला: “बाबा म्हणाले, आमच्या मुकादमानं सांगितलं. का येतो, ते तू शीक आणि मला सांग.”

मुलाने ते शिकून घेतले. एका बाजूचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असेल तर त्रिकोण काटकोनी असतो, हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास त्याने वहीत स्वच्छ लिहिला, आणि फोनवर वडिलांना वाचून दाखवला. पलीकडे वडिलांना त्यातले किती समजले हे मला माहीत नाही. मुलाला समजले होते, हे मी त्याच्या आवाजावरून ओळखले.

शिक्षकांसाठी काही अनुभवाचे बोल

१. एका संगणकावर तीन मुले बसवा: एक हलवणारा, एक मोजणारा, एक वहीत लिहिणारा. दर १० मिनिटांनी जागा बदला. मुली मागे राहतात आणि माउस मुलांच्याच हातात राहतो, याकडे लक्ष ठेवा.

२. आधी अंदाज, मग बिंदू हलवणे. अंदाज न घेता हलवले तर मुले नुसते सिनेमासारखे बघतात.

३. मूल आपल्या बोलीत समजावून सांगत असेल तर अडवू नका. पुस्तकातला शब्द नंतर द्या, पण द्या. परीक्षेत तोच लागतो.

४. पडद्याचा वेळ अर्धा तास पुरे. उरलेला वेळ कंपास, पट्टी आणि कागद यांचा. बोर्डाच्या परीक्षेत आकृती हातानेच काढायची असते.

५. वीज जाणार हे धरूनच तयारी करा. लॅपटॉप दुपारीच भरून ठेवा. तरीही वीज गेलीच तर धडा थांबवू नका, दोरी घेऊन अंगणात जा.

स्वाध्याय

(अ) जिओजेब्रात एक त्रिकोण काढून त्याच्या तिन्ही मध्यगा काढा. त्या एकाच बिंदूत मिळतात का? तो बिंदू प्रत्येक मध्यगेला कोणत्या प्रमाणात विभागतो? शिरोबिंदू हलवून पुन्हा पाहा.

(आ) त्याच त्रिकोणाचे शिरोलंब काढा. त्यांचा संपातबिंदू त्रिकोणाच्या बाहेर केव्हा जातो? अगदी शिरोबिंदूवर केव्हा येतो?

(इ) ठोकळ्यांच्या जगात (१, १) आणि (९, १६) येथे खांब उभे करा. चालत अंतर किती आणि सरळ अंतर किती?

(ई) दोन्ही उत्तरे वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा: ‘हे मी मोजून सांगतो’ की ‘हे मी सिद्ध करून सांगतो’?

वाचकहो, शेवटचा प्रश्न फक्त मुलांसाठी नाही. आपल्या मुलांना आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ आकडे दाखवतील: मजुरीचे, वजनाचे, उचल घेतलेल्या पैशांचे, जमिनीच्या मोजणीचे. दिसतो तो आकडा खरा की पूर्ण करून दाखवलेला, आणि खरा असेल तर का, हे विचारायची सवय ज्या मुलाला लागली, त्याला भूमिती आली असे मी समजतो.

आपल्या घरी वापरात नसलेला पण चालू स्थितीतला लॅपटॉप असेल, किंवा सुट्टीत आठवडाभर आमच्या मुलांबरोबर बसून बिंदू हलवण्याची तयारी असेल, तर जरूर कळवावे. मुले वाट पाहत आहेत.